सासूबाईंच्या कमरेची पट्टी

माझ्या सासूबाईंना मी एकटं असं कधी पाहिलंच नव्हतं. लग्न होऊन या घराच्या उंबरठ्यावर उभी राहिले, त्या भाकरतुकडा ओवाळायला बाहेर आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ आणखी एक बाई आली. उंच, हाडापेरानं मजबूत, केस पुरुषासारखे बारीक कापलेले. तिची नजर माझ्या तोंडावर नव्हती, माझ्या हिरव्या बांगड्यांवर होती. दोघींच्या मधे एक पट्टी लोंबत होती. तिचं एक टोक सासूबाईंच्या कमरेला आणि दुसरं त्या बाईच्या मनगटाला. मला वाटलं, सुनेला घरात घ्यायची या गावची काही रीत असेल. म्हणून मी ती पट्टी ओलांडून न जाता वाकून तिच्याखालून आत गेले. बायका फिसकन हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत.

ती माझी नणंद. घरात सगळे तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणू लागले. तीस-बत्तीस वर्षांची होती, पण तिला चार शब्दांपलीकडे बोलता येत नसे. अंगावरचं लुगडं सासूबाईच नेसवत. हे सगळं मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. माझे वडील मंगरूळपीरला कचेरीत शिपाई; त्यांना माहीत होतं की नाही हे मी त्यांना कधी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकून मला राग आला असता आणि माझा राग काही साधा नव्हता. मी आठवीपर्यंत शिकलेली, तालुक्याच्या गावात वाढलेली. मेडशीच्या अलीकडच्या या खेड्यात मी स्वतःला फार शहाणी समजत असे. पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला विचारलं की माणसाला असं गुरासारखं बांधून ठेवतात का. तो म्हणाला, मायले विचार.

मायला विचारायची माझी हिंमत नव्हती. मी नुसती पाहत राहिले.

लुगडं विरतं, काठ विरत नाही. सासूबाई जुन्या लुगड्याचा काठ कापून घेत, दुहेरी करून शिवत आणि त्याची सातएक हात लांब पट्टी करत. दर वर्षा-दोन वर्षांनी नवी. रुंद असल्यानं ती मनगटाला रुतत नसे. सकाळी उठल्यापासून ती पट्टी दोघींना असे. विहिरीवर, चुलीपाशी, शेतात, पांदीला, परसाकडं जातानासुद्धा. जेवताना सोडत आणि झोपताना सोडत. गावातल्या बायका मला समजावत, तुह्यी सासू हाये म्हून ते आवरते, नाईतं बाईनं कोनाचा तरी जीव घेतला असता. ते काही अगदीच खोटं नव्हतं. बाई बिथरली की स्वतःच्या जबड्यावर मुठी मारून घ्यायची, मनगट चावायची, जवळ येईल त्याचे केस धरायची. शेजारणीचं बोट तिनं एकदा असं पिरगाळलं होतं की ते आजतागायत सरळ होत नाही. आणि बिथरायला काहीही पुरे. लग्नाचा बाजा, कोणाचं मोठ्यानं हसणं, मागून अचानक लागलेला हात.

आमच्या लोकांनी धम्म घेतला, देव पाण्यात सोडले, त्याला तेव्हा सोळा-सतरा वर्षं झाली असतील. गावातली एक म्हातारी येता-जाता म्हणायची की देव सोडले म्हणून पोर अशी निघाली. सासूबाई तिच्याशी भांडत नसत. एकदाच म्हणाल्या, "देव घरात होते तवाबी अशीच होती. उलट ते गेल्यावर एक खर्च कमी झाला." म्हातारीनं पुन्हा तो विषय काढला नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी ते पाहिलं. आम्ही कापूस वेचून परत येत होतो. रस्त्यावर तंबूतल्या सिनेमाची जाहिरात करणारी बैलगाडी आली, वर कर्णा लावलेला. माणूस एकदम कर्ण्यात ओरडला आणि गाणं सुरू झालं. बाईच्या दोन्ही मुठी उठल्या. तोंडावर असे ठोसे बसू लागले की आवाज मला दहा पावलांवरून ऐकू आला. मी ओरडले, तिचे हात धरा, हात धरा म्हणून. सासूबाईंनी हात धरले नाहीत. त्या रस्त्याच्या मधोमध धुळीत खाली बसल्या. नुसत्या बसल्या. पट्टी सैल राहील इतक्या जवळ, पण बाईकडे न पाहता. बाईच्या दोन-चार मुठी त्यांच्या पाठीत बसल्या, एक डोक्यावर बसली, पदर खाली आला. त्या हलल्या नाहीत. गाडीवाला घाबरून कर्णा बंद करून पुढे निघून गेला. थोड्या वेळानं बाईच्या मुठी हळू झाल्या. मग तीही खाली बसली, आईला पाठ लावून. कितीतरी वेळ दोघी तशाच बसून होत्या, आणि आमच्यामागून येणाऱ्या गाड्या थांबल्या होत्या. पाटलाची गाडीसुद्धा थांबली होती. कोणी आवाज केला नाही.

मी अशी गोष्ट त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही पाहिली नाही. मला रागही आला. घरी आल्यावर सासूबाईंच्या पाठीला तेल लावताना मी विचारलं की तुम्ही हात का धरत नाही, तुमच्या अंगात काय कमी ताकद आहे का. त्या पालथ्या पडूनच म्हणाल्या:

"धरलं का ते भेते. भेली का मारते. मंग लोक म्हन्तात, मारते म्हून धरा लागते."

मी तेल चोळायची थांबले. आठवी शिकलेल्या माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. मी मग विचारलं, की धरायचं नाही तर ही पट्टी कशाला. त्या म्हणाल्या, "तिले माईत पडावं, मी कुठं हाओ ते."

पुढं मला आणखी एक गोष्ट कळली आणि ती कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं. सगळं गाव समजत होतं, मीही समजत होते, की सासूबाई पुढं असतात आणि बाई ओढत मागून जाते. एक दिवस तुरीच्या शेतावर त्यांची भाकर घेऊन मी मागून निघाले होते. दोन वाटा फुटतात तिथं त्या दोघी उभ्या दिसल्या. सासूबाई थांबल्या होत्या. बाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि डावीकडच्या वाटेला लागली. सासूबाई तिच्यामागून निघाल्या. शेत उजवीकडं होतं. डावीकडून गेलं की अर्ध्या कोसाचा फेरा पडतो. त्या फेऱ्यानं त्या रोज जात होत्या, वर्षानुवर्षं, आणि कामावर वेळेत पोचायचं म्हणून सगळ्यांच्या आधी घरून निघत होत्या. मी मात्र इतके दिवस समजत होते की म्हातारीला झोप येत नाही. मी सरळ वाटेनं शेतावर पोचले आणि त्यांची वाट पाहत धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसले. त्या आल्या तेव्हा मी भाकर पुढं केली. त्यांच्याकडे नीट पाहताही येईना मला.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, तुरीच्या सोंगणीत, सासूबाई धुऱ्यावरून घसरल्या आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. शेतात त्या वेळी दोघीच होत्या. माणसं पोचली तेव्हा बाई आईच्या उशाशी बसलेली होती, पट्टी मधे सैल पडलेली, आणि ऊन लागू नये अशी तिची सावली आईच्या तोंडावर होती. ती मुद्दाम तशी बसली होती का, मला सांगता येणार नाही. गावानं मात्र संध्याकाळच्या आत ठरवून टाकलं की बाईनं ओढलं आणि म्हातारीला पाडलं. सासूबाई बैलगाडीत घातल्यावर कण्हत कण्हत सांगत होत्या, "माह्या पायानं मी पडली." कोणी ऐकत नव्हतं. मेडशीहून एसटीनं अकोल्याला, सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. माझा नवरा बरोबर जाणार होता. गाडी हलायच्या आधी सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. आडव्या पडल्या पडल्या त्यांनी कमरेची गाठ सोडली आणि ते टोक माझ्या कमरेला बांधलं. गाठ नीट बसली.

"तानू नको," त्या म्हणाल्या. "ते बसली का बस."

एवढंच शिकवलं. एवढंच शिकवायचं होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी घाबरून नुसती मान हलवली.

पहिला दिवस निभला. बाई गाडी गेली त्या रस्त्याकडे तोंड करून दिवसभर बसली आणि मी तिच्याजवळ बसले. स्वैपाक झाला नाही, शेजारणीनं भाकर दिली. दुसऱ्या दिवशी घरात पाण्याचा थेंब नव्हता. मी घागर घेतली आणि विहिरीकडे निघाले. बाई निघाली नाही. मी गोड बोलले, मग रागावले. ती गल्लीच्या तोंडाशी फतकल मारून बसली, मीही बसले. तास गेला, ऊन चढलं. बायका डोक्यावर भरलेल्या घागरी घेऊन माझ्यासमोरून जात होत्या आणि एकीनं मला विचारलं की आता सासूची गादी चालवून राह्यली का तू. माझं डोकं फिरलं. ती उठल्यावर मी तिला घरी आणलं, माझ्या कमरेचं टोक सोडलं आणि ओसरीच्या खांबाला बांधलं. पट्टी तीच होती, मनगटही तेच होतं. तिकडच्या टोकाला सासूबाईंच्या ऐवजी मी चालले, मग माझ्याऐवजी खांब का चालू नये, असा माझा हिशेब होता. शिवाय दहा मिनिटांचा तर प्रश्न होता.

विहिरीवरच मला आवाज ऐकू आला. घागर तिथंच टाकून मी धावले. ओसरीपुढं माणसं जमली होती, सगळी लांब उभी. बाईनं पट्टी इतकी ओढली होती की ती दोरीसारखी पिळली गेली होती आणि मनगट सोलून रक्त आलं होतं. ती ओढायची, खांब येत नाही म्हणून डोकं खांबावर आपटायची, मग परत ओढायची. मी गाठ सोडायला गेले तर गाठ दगडासारखी बसलेली. तिचा हात माझ्या तोंडावर बसला, खालचा ओठ फाटला, तोंडात रक्ताची चव आली. मी आत पळाले, विळा आणला आणि डोळे मिटून खांबाजवळ पट्टी कापली.

आता ही पळेल, असं मला वाटलं. किंवा माझे केस धरेल. माणसं मागं सरली. मी खाली बसले. सासूबाईंचं शिकवणं आठवलं म्हणून बसले असं सांगायला मला आवडेल, पण खरं म्हणजे माझे पाय गेले होते. बाई धापा टाकत उभी होती. तिनं कापलेलं टोक हातात घेतलं, त्याच्याकडे पाहिलं. मग ती माझ्याजवळ आली, वाकली, आणि ते टोक माझ्या कमरेला खोचू लागली. तिला गाठ मारता येत नव्हती. पदर खोचतात तसं तिनं ते खोचलं, ते सुटून पडलं, तिनं परत खोचलं. तिच्या मनगटाचं रक्त माझ्या लुगड्याला लागत होतं. मी तिच्याकडे वर पाहत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. ज्या बाईला आम्ही सगळे बांधलेली समजत होतो, ती मला स्वतःशी बांधून घेत होती.

त्यानंतर मी पाण्याला गेलेच नाही. शेजारणीला सांगितलं, माझं पाणी तू आण, मी तुझं दळण-कांडण करीन. खांबाच्या वेढ्यांत गेली ती सोडून पट्टी आता चारच हात उरली होती, म्हणून जवळ जवळ राहावं लागे. पाच दिवस मी ती जाईल तिकडं गेले. माझ्याच गावातल्या कितीतरी जागा मी त्या पाच दिवसांत पहिल्यांदा पाहिल्या. तिला वाळत घातलेल्या मिरच्या पाहायला आवडायच्या. लोहाराचा भाता चालू असला की ती लांबून वळायची. तिचं सगळं ठरलेलं असे. वेळ ठरलेली, वाट ठरलेली. चक्रम आम्हीच होतो, वाटेल तेव्हा वाटेल तिकडं निघणारे.

रविवारी भासरे आले. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, अकोल्याला कारकून होते. घरातून पहिले शिकलेले, पहिले नोकरीला लागलेले. गावात त्यांचं नाव निघालं की लोक आवाज खाली करत. दवाखान्यातून आईची खबर घेऊन ते आले होते, आणि मन पक्कं करून आले होते. खांबाची आणि माझ्या फाटलेल्या ओठाची बातमी त्यांना स्टँडवरच कळली होती.

आता यात एक अडचण होती. भासऱ्यांशी भावजयीनं बोलायचं नाही, समोर उभं राहायचं नाही, अशी रीत. आमच्या लोकांनी देव सोडले, तेहतीस कोटी सोडले, पण ही एवढी रीत सोडायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. एरवी सासूबाई मधे असत, किंवा नवरा असे. निरोप इकडून तिकडं जात. त्या दिवशी घरात मधे घ्यायला बाईशिवाय कोणी नव्हतं. म्हणून भासरे ओसरीवर बसून, मी दाराच्या आड उभी राहून, दोघंही बाईशी बोललो. ज्या बाईचं काय करायचं त्याचाच निकाल लागत होता, त्या बाईशी. ती मधे बसून शेंगा फोडत होती.

भासरे म्हणाले, "बाई, उद्या आपुन नागपूरले जाऊ. तिथं मोठा दवाखाना हाये."

मी म्हणाले, "बाई, त्याइले विचारा, तिथून कधी वापस आनान."

त्यांनी बाईलाच समजावल्यासारखं सांगितलं की तिथं दारं बंद असतात, माणसं ठेवलेली असतात, कोणाला मार लागत नाही. माय आता वर्षभर तरी धड चालणार नाही. ही सून अजून कोवळी आहे, उद्या तिला लेकरू होईल, त्याला काही झालं तर कोण जबाबदार. हे सगळं ते शांतपणे बोलले, आणि त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. मला त्यांचा रागच येईना, त्याचाच जास्त राग आला. नागपूरच्या त्या वेड्यांच्या दवाखान्यातून कोणी परत आलेलं आमच्या पंचक्रोशीत कोणाला माहीत नव्हतं. सासूबाई अकोल्याहून परत येतील तेव्हा त्यांच्यामागून कोणी येणार नाही, एवढं मला दिसत होतं.

मी म्हटलं, "बाई, त्याइले म्हना, एक डाव पट्टी आपल्या कमरेले बांधून पाहा. मंग उद्याचं उद्या."

भासरे उठले. मला वाटलं, रागावून जातात. पण त्यांनी बाईला उभं केलं, मी माझ्या कमरेचं सोडून दारातून सरकवलेलं टोक घेतलं आणि टेरिलिनच्या पँटवर, पट्ट्याच्या खाली, बांधलं. किती ताकदीनं आवरावी लागते ती मी दाखवतो, असाच त्यांचा चेहरा होता. निघाले. मी डोक्यावर पदर घेऊन दहा पावलं मागून निघाले.

गल्लीतच त्यांनी तिला विहिरीकडे वळवायचा प्रयत्न केला. पट्टी ताणली गेली. बाई ताठ झाली, मूठ वर आली. मी मागून मोठ्यानं म्हणाले, "बाई, सैल सोडा, सैल." ती सूचना बाईला नव्हती हे त्यांना कळलं. त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं, पट्टी लोंबली, मूठ खाली गेली. मग बाई चालू लागली आणि अकोल्याचे कारकून तिच्यामागून. पारावरची माणसं बोलायची थांबली. कोणीतरी हसलं. मला मागून त्यांचे फक्त कान दिसत होते, लाल झालेले. बाईनं एकदाही मागं पाहिलं नाही. पाच दिवसांत ती ज्या वाटेनं कधी गेली नव्हती, त्या वाटेला ती लागली होती. खळ्याच्या पलीकडून, नाला ओलांडून, वर. मला कळेना ही कुठं निघाली. भासऱ्यांची चाल मात्र हळू होत गेली. नाल्याच्या वर चढल्यावर ते एकदा थांबले, पण पट्टी ताणली जाईल म्हणून परत निघाले.

वर शाळा होती. दोन खोल्यांची, टिनाची, रविवार म्हणून बंद. पुढं निंबाचं मोठं झाड. बाई सरळ त्या झाडापाशी गेली, बुंध्याला पाठ लावून खाली बसली आणि पट्टी बांधलेला हात तिनं पुढं केला. मनगट वर करून, बोटं सैल सोडून. कासारापुढं बांगड्या भरायला हात धरावा तसा. राग नाही, ओरडणं नाही. ती भावाकडे पाहत होती आणि वाट पाहत होती.

मला वाटलं, मनगटाची जखम दुखते म्हणून दाखवते आहे. मी पुढं व्हायला लागले. तेवढ्यात भासऱ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले. बाईशी नाही, माझ्याशी.

"मी बांधत होतो हिले इथं," ते म्हणाले.

पुढचं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, मधे मधे थांबत. ते आठ-नऊ वर्षांचे असताना आई कामावर जायची आणि पट्टी त्यांच्या कमरेला बांधून जायची. शाळेत आमच्या लोकांच्या पोरांना तेव्हा दारापाशी बसवत. तेवढीही जागा कष्टानं मिळालेली. हिला घेऊन गेले तेव्हा ती ओरडली, आणि मास्तर म्हणाले की हिला आणशील तर दारापाशीही बसू देणार नाही. म्हणून ते रोज सकाळी स्वतःच्या कमरेचं टोक सोडायचे, या निंबाला बांधायचे आणि आत जायचे. पहिले काही दिवस तिनं बुंध्यावर डोकं फोडून घेतलं. मग शिकली. मग आपणच येऊन बसायची आणि हात पुढं करायची. दोन वर्षं. आईला कधी सांगितलं नाही.

"हिले काई समजत नाई असं मी सगळ्याइले सांगत आलो," ते म्हणाले. "माह्या मनालेबी तेच सांगत आलो. समजत नाई म्हून बांधलं तं काय झालं."

त्या झाडाखाली बसलेल्या बाईकडे पाहून मला एवढंच वाटत होतं की मी कोणा फार मोठ्या माणसापुढं उभी आहे. वीस-बावीस वर्षं तिनं हे जपून ठेवलं होतं आणि कोणावर उगारलं नव्हतं. भाऊ कमरेला पट्टी बांधून आला, तर भावाला शाळेत जायचं असणार, एवढाच अर्थ तिनं घेतला होता. आणि त्याला उशीर होऊ नये म्हणून हात पुढं केला होता.

भासऱ्यांनी तो हात धरून हळूच तिच्या मांडीवर ठेवला. तिनं परत पुढं केला. त्यांनी परत ठेवला. ते म्हणाले, "नाई बांधत, बाई. आता नाई बांधत." तिनं तिसऱ्यांदा पुढं केला आणि शाळेच्या दाराकडे पाहिलं.

मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले की नागपूर नाही, माय येईस्तोवर मी रजा काढतो. आणि त्या पँटीनिशी, इस्त्री-बिस्त्री सगळं विसरून, ते निंबाच्या बुंध्याला पाठ लावून तिच्या शेजारी धुळीत बसले. पट्टी दोघांच्या मधे सैल पडली. तेव्हा कुठं बाईनं हात खाली घेतला.

मीही थोडी लांब बसले. शाळा सुटेपर्यंत इथं बसायचं असतं, हे तिला माहीत होतं. त्या दिवशी रविवार होता, घंटा होणार नव्हती. ती उठेपर्यंत आम्ही बसून राहिलो.